हलती रोषणाई : लाकडी रुळापासून आज्ञावलीपर्यंत

उत्तर कोलकात्यातील बागबाजार ही हुगळीच्या काठची जुनी वस्ती होय. देवीचा सारा परिवार एकाच प्रभावळीखाली असलेली भव्य मूर्ती हे येथील शंभराहून अधिक वर्षांच्या सार्वजनिक दुर्गापूजेचे वैशिष्ट्य. पूजेच्या दिवसांत शहरभर दिव्यांचे मोर पिसारा फुलवितात, दिव्यांचे मासे पोहतात. ह्या हलत्या रोषणाईचे माहेर मात्र नदीच्या वरच्या अंगास असलेले चंदननगर हे होय. श्रीधर दास ह्यांच्यासारख्या कारागिरांनी ही कला तेथे नावारूपास आणली.

पूर्वी चौकटीवर लहान बल्ब बसवून, त्यांवर रंगीत कागद गुंडाळून चित्र रचीत. हालचालीसाठी लाकडी रूळ असे. त्यावर तांब्याच्या पट्ट्या ठोकलेल्या असत. मोटरने रूळ फिरला की पट्टी ज्या तारेला टेकेल तिचे दिवे पेटत. पट्टी सरकली की विझत. पिसारा केव्हा उघडावा हे पट्टीच्या जागेवर व लांबीवर ठरे. तात्पर्य, चित्राची आज्ञावली लाकडावरच लिहिलेली असे. मात्र दिव्यांच्या प्रत्येक गटाला स्वतंत्र तार लागे.

एकविसाव्या शतकात एलईडी आली आणि ही अडचण दूर झाली. नव्या पट्टीतील प्रत्येक दिव्यात तांबडा, हिरवा व निळा असे तीन कण आणि एक सूक्ष्म नियंत्रक असतो. माहितीची तार एकच. रांगेतील पहिल्या माणसाच्या हाती चिठ्ठ्यांची चवड द्यावी, त्याने वरची चिठ्ठी स्वतःकडे ठेवून उरलेली चवड पुढे सरकवावी, तसाच हा प्रकार. प्रत्येक दिवा आपले 24 बिट ठेवून घेतो व बाकीचे पुढे पाठवितो. रांगेतील स्थान हाच त्याचा पत्ता. प्रचलित पट्टीत एका दिव्याचा संदेश सुमारे 30 मायक्रोसेकंदांत जातो. म्हणून हजार दिव्यांचे चित्र सेकंदात तीसेक वेळा बदलता येते.

हे संदेश कंट्रोलर बोर्ड धाडतो. 2005 साली इटलीतील इव्रेआ येथे निर्माण झालेला आर्डुइनो हा अभियंते नसलेल्या विद्यार्थ्यांसाठीच होता. त्याला मर्यादाही आहेत. ऊनो ह्या प्रकारात कामापुरती स्मृती 2,048 बाइटांची. दर दिव्याला 3 बाइट लागतात, तेव्हा सहाशे दिव्यांतच ती बहुतेक भरते. विजेचा हिशेबही चुकवून चालत नाही. 5 व्होल्टवर पूर्ण पांढरा प्रकाश देणारा एक दिवा सुमारे 60 मिलिअँपियर घेतो. 300 दिव्यांना 18 अँपियर लागतात. एकाच टोकाने वीज दिल्यास दूरचे दिवे पिवळसर दिसू लागतात. म्हणून ती अनेक ठिकाणी जोडावी लागते.

आता खरा प्रश्न कारागिराचा. बाजारात तयार नक्षी भरलेले कंट्रोलर मिळतात. त्यांवरच विसंबल्यास गल्लोगल्ली एकच लाट धावेल आणि कारागीर केवळ पट्ट्या बांधणारा मजूर उरेल. पिसारा किती सावकाश उघडला म्हणजे तो जिवंत वाटतो, आणि मूर्तीजवळचा प्रकाश स्थिर का असावा, हे ज्ञान बोर्डात नसते. ते रूळ घडविणाऱ्या हातांत होते. तेच हात आज्ञावली लिहावयास शिकले, तर साधन बदलूनही कला त्यांचीच राहील.