धनी नसलेली पेढी



ब्लॉकचेनला धनी नाही, असे सांगतात. आम्ही कामगार-संघटक आधी विचारतो, मत कोणाचे? आमच्या संघात माणशी एक मत. २०१६ साली इथेरियमवर उभारलेल्या 'द डाओ' या सामायिक निधीत मात्र ज्याची थैली मोठी, त्याचे मत मोठे. जूनमध्ये आज्ञावलीतील फटीतून कोणा अज्ञाताने सुमारे ३६ लाख ईथर वळवले. जुलैत विकासकांनी नवी आज्ञावली दिली, बहुतेकांनी ती स्वीकारली, पैसे परत मिळाले. न पटलेले 'इथेरियम क्लासिक' म्हणून वेगळे राहिले. म्हणजे निर्णय घेणारे होतेच. दारावर पाटी तेवढी नव्हती. तेव्हा पैसे घालण्यापूर्वी एवढे विचारा : संकटात निर्णय कोण करणार, आणि जाब कोणाला विचारायचा?