चाळींतली दिवाळी आणि शेजारधर्म

दिवाळी हा वस्तुतः घरोघरचा सण. गणपति बसतो तो मंडपांत, होळी पेटते ती चव्हाट्यावर, गोविंदा निघतो तो रस्त्यावर. दिवाळीचें तसें नाहीं. तिचें तेल-उटणें न्हाणींत, तिची पूजा देवघरांत, तिची ओवाळणी तबकांत. रूढीनें तिला उंबरठ्याच्या आंतच बसविलें आहे. असें असतां गिरगांवांत, दादरला किंवा परळ-लालबागेकडे जीं माणसें लहानाचीं मोठीं झालीं, त्यांना दिवाळी म्हटली कीं आठवते ती घरची नव्हे, चाळीची! सार्वजनिक उत्सवाचें मुंबईस वावडें नाहीं. गिरगांवांतील केशवजी नाईकांच्या चाळींत १८९३ सालापासून सार्वजनिक गणपति बसत आला आहे. परंतु ज्या सणास मंडप नाहीं, कार्यकारी मंडळ नाहीं, वर्गणीची पावती नाहीं, तो सण सगळ्या चाळीचा कसा झाला? आणि चाळी एकामागून एक पाडल्या जात असतां त्याचें पुढें काय होणार? सणाच्या दिवसांत या प्रश्नाचा थोडा विचार करणें अप्रस्तुत होणार नाहीं.

प्रथम चाळीची रचना पाहावी. तीन-चार मजल्यांची इमारत, मधोमध लांकडी जिना, प्रत्येक मजल्यावर लांबच लांब गॅलरी, गॅलरींत ओळीनें उघडणारीं बिऱ्हाडांचीं दारें, आणि टोकाला सामाईक नळ व शौचकूप. गिरण्या आणि गोदी यांच्यापायीं शहरांत येणाऱ्या माणसांसाठीं खासगी मालकांनीं अशा चाळी उभारल्या. १८९६ सालीं प्लेगनें मुंबई हादरली, तेव्हां सरकारनें १८९८ मध्यें इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापिला आणि त्याच्याहि चाळी झाल्या. पुढें १९२० नंतरच्या दशकांत डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनें वरळी, नायगांव, डिलाइल रोड आणि शिवडी येथें मिळून २०७ चाळी बांधल्या, त्याच बी. डी. डी. चाळी. तेथील एका खोलीचें क्षेत्रफळ अवघें १६० चौरस फूट! त्यांत आईबाप, चार-पांच मुलें, गांवाहून नोकरीसाठीं आलेला पुतण्या आणि कोपऱ्यांत देव. अशा खोलींत एरवींचा दिवस कसाबसा मावे. सण कोठून मावणार? तो आपोआपच उंबरठा ओलांडून गॅलरींत आला. चाळीचें दिवाळींतील औदार्य जितकें मनाच्या मोठेपणांतून आलें, तितकेंच जागेच्या लहानपणांतून आलें, हें आधींच मान्य केलेलें बरें.

फराळाचीच गोष्ट घ्या. करंज्यांचें पीठ एकदां कुटून मऊ केलें कीं तें ओल्या फडक्याखालीं झांकून ठेवावें लागतें. वारा लागला कीं पारी वाळते आणि तळतांना करंजी उकलते. म्हणून एकीनें लाटावें, दुसरीनें सारण भरावें, तिसरीनें कातण्यानें कड कापावी आणि चौथीनें कढईपाशीं बसावें, असा हा चार हातांचा खेळ आहे. एकट्या गृहिणीनें शंभर करंज्या करावयाच्या म्हणजे रात्र उजाडावयाची. तेव्हां आज पहिल्या खोलींतील करंज्या, उद्यां सातव्या खोलींतील, असें वेळापत्रक ठरे. चकलीचा सोऱ्या मजल्यांत एखाद-दुसराच असे. तो अश्विनाच्या उत्तरार्धांत कोणाच्याहि घरीं दोन रात्रीं सलग राहत नसे. एखादीचा अनारसा तुपांत सोडतांच हसला, म्हणजे विरघळून पसरला, तर पलीकडच्या काकू येऊन पिठाचा गोळा बोटांनीं दाबून पाहत आणि गूळ अधिक झाल्याचा निर्णय देत. त्या निर्णयावर अपील नसे. १९४३ सालीं मुंबईंत शिधावाटप सुरू झालें, त्यानंतरच्या वर्षांत तर महिना-महिना चहा अगोड पिऊन साखर सांठविणाऱ्या बायका होत्या. आणि तशा साखरेंतूनहि वाटीभर साखर शेजारीं उसनी जाई.

मुलांचें राज्य निराळें. कामट्या आणून तासावयाच्या, खळ शिजवावयाची, पतंगाचा कागद लावून आकाशकंदील सिद्ध करावयाचा, खालीं झिरमिळ्या सोडावयाच्या. मागच्या अंगणांत विटा, गोणपाट आणि चिखल यांचा किल्ला उभा राही. त्यावर अळीव पेरून हिरवळ करीत आणि शिखरावर महाराजांची मातीची मूर्ति बसवीत. किल्ला अमुक घरचा असें कोणी म्हणत नसे. तो मजल्याचा किंवा चाळीचा. वडील माणसांनाहि असाच एक सामाईक ठेवा मिळाला होता. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनीं १९०९ सालीं ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, आणि फराळाच्या जोडीला वाचनाचा फराळ करण्याची रीति महाराष्ट्रांत रुजली. चार घरांत मिळून एक अंक घ्यावा आणि तो पानें सुटेपर्यंत वाचावा, हा मध्यम स्थितींतील लोकांचा परिपाठ होता.

नरकचतुर्दशीची पहांट हा या साऱ्याचा कळस. नळाला पाणी येण्याची वेळ ठरलेली, न्हाणीची मोरी घराच्या एका कोपऱ्यांत, आणि सूर्योदयापूर्वीं स्नान न करील तो नरकांत जाईल असा धाक! म्हणून रात्रींच पिंपें भरून ठेवीत. पहांटे तीनपासून बंब पेटत; ज्याच्या घरीं बंब नसे त्याचें पाणी शेजारच्या बंबावर तापे. उटण्याचा वास एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दरवळे. कारीट पायाखालीं फोडलें कीं मुलगा नव्या सदऱ्यानिशीं गॅलरींत येई, आणि गॅलरींत आला कीं तो एकट्या आईबापांचा राहत नसे. दहा दारांत वांकून नमस्कार करावा आणि दहा ठिकाणीं लाडू खावा लागे.

परंतु चाळींतील दिवाळीचें खरें मर्म फराळाच्या ताटांत होतें. वर विणलेला रुमाल घातलेलें तें ताट घरोघर फिरे. त्याचे नियम कोठें लिहिलेले नव्हते, पण ते कोणी मोडीत नसे. ताट आलें कीं तें रिकामें परत करावयाचें नाहीं. निदान चिमूटभर साखर तरी त्यांत घालावयाची. कोंकणांतल्यांच्या ताटांत नारळाचा हात सढळ, घाटावरच्यांच्या ताटांत भाजणीची चकली खमंग. पण कोणाचें ताट कोणी मनांत तोलावयाचें नाहीं. आणि सर्वांत मोठा नियम असा, कीं ज्या घरीं वर्षाच्या आंत कोणी गेलें असेल, तेथें सणासाठीं कढई चढत नसे. म्हणून त्या घरीं शेजाऱ्यांचीं ताटें आधीं जावयाचीं. दुःखी घराचें दार त्या चार दिवसांत वाजल्याशिवाय राहत नसे. ताट ठेवणारी बाई फार बोलत नसे. ‘मुलांसाठीं आणलें आहे’ एवढेंच म्हणे. गोड खाण्याची त्या घराला इच्छा नसते हें तिलाहि ठाऊक असे. तरी ती येई, कारण त्या ताटाचा अर्थ फराळ हा नव्हता. या घराला सगळ्यांनीं आपल्यांत धरलें आहे, हा त्याचा अर्थ होता.

येवढें वर्णन करून थांबलें तर तें चित्र खोटें ठरेल. जुन्या चाळींत सर्व गोडच होतें असें समजण्याचें कारण नाहीं. एका नळावरून सणाच्या पहांटे होणारीं भांडणें, चोरून ऐकलें जाणारें प्रत्येक घरचें बोलणें, नवविवाहित जोडप्यांची कुचंबणा आणि पाण्याच्या कळश्यांनीं वाकलेल्या बायकांच्या पाठी, हेंहि चाळीचेंच वैभव होतें. ताटाच्या वाटेवर कुंपणेंहि होतीं. विधवेच्या हातीं ओवाळणीचें तबक देत नसत. शौचकूप झाडणाऱ्या माणसाला दिवाळीची पोस्त मिळे, पण त्याच्या हातावर फराळ वरून टाकीत. चाळी बहुधा जातिवार वसल्या होत्या, आणि ‘सगळी चाळ’ म्हणतांना त्या शब्दांत कोण नाहीं, हें पुष्कळांच्या ध्यानींहि येत नसे. जुन्या शेजारधर्माचें गुणगान करणाऱ्यानें हें कर्जहि त्याच्या खात्यावर मांडलें पाहिजे.

पुढें काळ पालटला. १९४७ च्या भाडे-नियंत्रण कायद्यानें जुनीं भाडीं १९४० सालच्या मानानें बांधून टाकलीं. त्यामुळें भाडेकरूचें छप्पर टिकलें, परंतु मालकाला डागडुजी परवडेना, किंवा परवडत नाहीं असें म्हणण्यास त्याला आधार मिळाला. तुळया कुजल्या, जिने टेंकूंवर उभे राहिले. १९८२ च्या संपानंतर गिरणगांवाचा कणा मोडला. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीनें ठाणें, डोंबिवली, बोरीवलीची वाट धरली. भुयारी रेल्वेसाठीं गिरगांव-काळबादेवीकडील कांहीं जुन्या इमारती पाडाव्या लागल्या. २०२५ च्या ऑक्टोबरांत, दिवाळीच्या तोंडावर, गिरगांवचें भुयारी स्टेशन उघडलें. त्याच वर्षाच्या ऑगस्टांत वरळीच्या बी. डी. डी. चाळींतील ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० फुटांत तीन पिढ्या काढलेल्या कुटुंबाच्या हातीं ती किल्ली पडली, तेव्हां त्याच्या आनंदाला गालबोट लावणें हा निव्वळ कृतघ्नपणा होईल. घरांत नळ आला, घरांत न्हाणी आली, सुनेला लावून घेण्यासाठीं एक दार आलें. चाळ गेली म्हणून हळहळणाऱ्यांत, त्या सामाईक नळावर जिनें पाणी भरलें अशी बाई सहसा सांपडत नाहीं, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

तथापि त्या दारानें एक नवीनच अडचण उभी केली. गॅलरींतून जातांना शेजाऱ्याचें घर दिसत असे. आतां दिसतो तो बंद दाराला लावलेला कांचेचा डोळा. पूर्वीं ज्याच्या घरीं चूल पेटली नाहीं तें न विचारतां कळे. आतां विचारल्याशिवाय कळत नाहीं, आणि विचारणें म्हणजे नसती चौकशी असें वाटतें. फराळ दुकानांत तयार मिळतो; परदेशांतल्या मुलांना तो डब्यांत बंद करून दिवाळीच्या महिनाभर आधीं पाठविलाहि जातो. त्याच मुलांचे म्हातारे आईबाप मात्र विसाव्या मजल्यावर, खिडकींत एक कंदील लावून, दूरध्वनीवरच्या चित्रांत नातवंडांचें अभ्यंगस्नान पाहतात. सात समुद्रांपलीकडे पोंचणारा डबा समोरच्या दारापर्यंत पोंचत नाहीं. यांत कोणाच्या मनाचा दुष्टावा नाहीं. चाळींत शेजारधर्म गरजेच्या पायावर उभा होता. पाणी, बंब, सोऱ्या, जागा, सर्वच उसनें. गरज सरली आणि पाया निघाला. भिंत अधांतरीं राहील अशी अपेक्षा करणें व्यर्थ होय.

मग करावें काय? गेलेल्या चाळीची प्रतिकृति उभारून भागणार नाहीं. सोसायटीच्या पटांगणांत पहांटेचा गाण्याचा कार्यक्रम ठेवणें चांगलें आहे. पण तेथें माणसें शेजारीं शेजारीं बसून समोर पाहतात, एकमेकांकडे पाहत नाहींत. जें पूर्वीं रचनेनें आपोआप घडत होतें, तें आतां समजून-उमजून केलें पाहिजे, आणि तें फार कठीण नाहीं. नरकचतुर्दशीच्या सकाळीं तासभर प्रत्येक मजल्यावरचीं दारें उघडीं राहिलीं, तर चार घरांचा तो लहानसा बोळ गॅलरीचें काम करूं लागेल. इमारतींत कोणत्या घरीं या वर्षीं कोणी गेलें आहे आणि कोणतें माणूस एकटें राहतें, एवढी माहिती चिटणीसाच्या वहींत असावी. देखभालीची थकबाकी जर तेथें असते, तर ही बाब असण्यास हरकत कोणती? त्या घरीं ताट आधीं जावें. मुलांना किल्ल्यासाठीं मोटारी ठेवण्याच्या जागेंतील एक कोपरा चार दिवस सोडून द्यावा. मोटारीला चार दिवस बाहेर राहण्यानें कांहीं होत नाहीं. आणि जुन्या चाळीनें ज्यांच्या हातावर फराळ वरून टाकला, त्यांच्या जागीं आज उभे असलेले झाडूवाले, पहारेकरी आणि घरकाम करणाऱ्या बाया यांना नुसती पोस्त न देतां घरांत बोलावून पाटावर बसवावें. तेवढें झालें तर नवी इमारत जुन्या चाळीच्या एक पाऊल पुढेंच जाईल.

गिरगांवांतील खोताच्या वाडींत आजहि दिवाळीच्या कंदिलांमागून महिना-दोन महिन्यांत नाताळच्या चांदण्या लागतात. एका अरुंद गल्लींत दोन धर्मांचे दिवे एकाच वाऱ्यानें हलतात. तेथील घरें लहान आहेत, दारें रस्त्याला लागून आहेत, म्हणून तें सोपें जातें हें खरें. पण ज्यांचीं घरें मोठीं झालीं त्यांना तें अशक्य झालें असें मात्र नव्हे. घर मोठें झालें म्हणजे एक ताट अधिक वाढण्याची ऐपत वाढली, इतकाच त्याचा अर्थ. उद्यां वसुबारसेला पहिला दिवा लागेल, तेव्हां प्रत्येक गृहस्थानें आणि गृहिणीनें एकच प्रश्न विचारावा: समोरच्या दाराआड कोण आहे, आणि त्याच्या घरीं या वर्षीं कढई चढली आहे काय? उत्तर ठाऊक नसेल, तर पहिलें ताट कोणाकडे न्यावयाचें हें ठरलेंच आहे.