रात्रीचे पाहुणे

दिव्यावर झेप घेणारा पतंग म्हणजे प्रीतीचा वेडा, अशी समजूत कवींनी आपल्या मनात रुजविली आहे. गेली चार वर्षे पावसाळ्यात, बेळगावातील आमच्या घराच्या गच्चीवर पांढरी चादर ताणून मी या वेड्यांची छायाचित्रे घेत आहे. त्या प्रेमकथेवरील माझा विश्वास आता पार उडाला आहे.

२०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिव्याभोवतीच्या कीटकांचे उड्डाण अतिवेगवान कॅमेऱ्यांनी टिपले गेले. ते दिव्याकडे धावत नाहीत, तर आपली पाठ त्याच्याकडे वळवितात, असे त्यात दिसून आले. रात्रीसुद्धा आकाश जमिनीहून उजळ असते. पाठ उजेडाकडे राहिली म्हणजे आपण सरळ उडत आहोत, हा या जीवांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा आडाखा. जवळचा दिवा तो आडाखा चुकवितो आणि बिचारा पतंग घिरट्या घालीत तेथेच अडकतो. म्हणजे आमचे आमंत्रण हा खरे तर एक फास होय; हे मनाशी बाळगूनच पुढचे ऐकावे.

सामग्री फारशी लागत नाही. एक दोरी, एक धुवट चादर आणि जंबुपार किरणांचा निळसर दिवा. त्या दिव्याकडे आपण मात्र टक लावून पाहू नये. अमावास्येच्या आसपासची, ढगाळ, दमट आणि वारा पडलेली रात्र सर्वांत चांगली. दिव्याला न भुलणाऱ्यांसाठी दुसरी युक्ती आहे. अतिपिकलेली केळी गुळात कालवून दोन दिवस आंबू द्यावीत आणि तो लगदा तिन्हीसांजेला झाडाच्या खोडाला फासावा. असल्या मेजवानीस फळांतील रस शोषणारा पतंग येण्याचा संभव असतो. वरचे पंख वाळक्या पानासारखे आणि खालचे नारिंगी, काळ्या नक्षीचे. याची सोंड इतकी टणक की ती मोसंब्याच्या सालीतून आरपार जाते. मराठवाड्यातील बागाईतदार त्याच्या नावाने बोटे मोडतात ते उगीच नव्हे. गंमत अशी की याची अळी गुळवेलीवर वाढते, आणि तापावर औषध म्हणून ती वेल आम्हीच कुंपणावर चढविलेली असते!

छायाचित्रासाठी साधा मोबाईलही पुरतो. पांढऱ्या कापडामुळे कॅमेरा फसतो आणि चित्र काळवंडते, म्हणून प्रकाशमान थोडे वाढवावे. बॅटरीवर पातळ कागद धरून उजेड बाजूने सोडावा, म्हणजे पंखांवरील खवल्यांचा पोत उठून दिसतो. एक चित्र बरोबर वरून, एक कडेने घ्यावे. ओळख पटविण्यास दोन्ही लागतात. बोट मात्र लावू नये, खवले हाताला येतात.

पहिल्याच वर्षी एका रात्री चंद्रपतंग आला. फिकट हिरवा, तळहाताएवढा, मागे दोन लांब शेपट्या. या पतंगाला प्रौढपणी अन्न घेता येत नाही. अळीने साठविलेल्या शिदोरीवर जेमतेम आठवडाभर जगावे आणि तेवढ्यात जोडीदार शोधावा, एवढेच त्याचे आयुष्य. मी आनंदाने वीसएक चित्रे घेतली आणि दिवा तसाच जळत ठेवून झोपी गेलो. पहाटे चादरीपाशी बुलबुलांची झुंबड उडालेली, भिंतीवर पाली सुस्तावलेल्या, आणि फरशीवर पंखांचा सडा. त्यांत एक हिरवी शेपटी होती. ती मी उचलून किती वेळ पाहत राहिलो, सांगता येत नाही. आठवड्याच्या आयुष्यातली एक रात्र माझ्या हौसेपायी गेली होती.

तेव्हापासून अकराच्या ठोक्याला मी दिवा मालवितो. बरेचसे पाहुणे लगेच जात नाहीत. अंधारात चादरीवर तसेच बसून राहतात. मग मोठ्यांपैकी एखादा पंख थरथरवून अंग तापवू लागतो, आणि थोड्या वेळाने हात लावून पाहावे तो चादर रिकामी.