बास्केटबॉल : आक्रमण आणि बचाव यांचा तोल
(क्रीडाशिक्षक व ग्रामस्थ यांच्यासमोर केलेले भाषण)



संघनिवडीचा दिवस आला की मैदानावर सर्वांची दृष्टी एकाच गोष्टीकडे असते : अधिक बास्केट कोण करतो? तेवढ्यावरूनच पाच नावे निश्चित होतात. कबड्डीत चढाई करणारे व पकड करणारे गडी यांची कामे पुष्कळशी वाटून देता येतात. बास्केटबॉलमध्ये ती सोय नाही. चेंडू हातून जाताच त्याच पाच जणांना बचावासाठी धावावे लागते.

या बाबतीत अमेरिकेतील बॉस्टन सेल्टिक्स या व्यावसायिक संघाचा इतिहास उद्बोधक आहे. बॉब कूझी व बिल शर्मन यांच्यासारखे कुशल खेळाडू असल्यामुळे हा संघ भराभर गुण मिळवीत असे. परंतु अजिंक्यपद त्यास हुलकावणी देत होते. १९५६ साली प्रशिक्षक रेड आवरबाख यांनी एड मॅकॉली हा नामवंत खेळाडू व क्लिफ हेगन याच्यावरील हक्क सोडून देऊन बिल रसेल यास मिळविले. रसेलची ख्याती गुणांसाठी नव्हे, बचावासाठी होती. अडविलेला चेंडू मैदानाबाहेर न फटकावता तो शक्यतो सहकाऱ्याकडे वळवी आणि तेथूनच बॉस्टनचे वेगवान आक्रमण सुरू होई. रसेलच्या १३ हंगामांत संघाने ११ अजिंक्यपदे मिळविली.

याचा अर्थ आक्रमण गौण आहे, असा मात्र नव्हे. १९५७ च्या निर्णायक सातव्या सामन्यात रसेलने ३२ रिबाउंड मिळविले, तर टॉम हाइनसनने ३७ गुण केले. दोन वेळा जादा वेळ देऊन झालेला तो सामना बॉस्टनने १२५-१२३ असा जिंकला. यांपैकी एक बाजू जरी लंगडी पडली असती, तरी दोन गुणांचे ते अंतर राहिले नसते.

तोल सुटल्यास काय होते, हे डेन्व्हर नगेट्स संघाने १९९०-९१ च्या हंगामात दाखवून दिले. दर सामन्यास सरासरी ११९.९ गुण मिळवूनही त्याने १३०.८ गुण दिले आणि ८२ पैकी केवळ २० सामने जिंकले.

आपल्या शाळांनी यातून काय घ्यावे? चेंडू फेकण्याच्या सरावास चेंडू व रिंग लागते. एकच चेंडू असला तर बाकीची मुले ताटकळत उभी राहतात. बचावाचा सराव मात्र सर्वांना एकाच वेळी करता येतो. गुडघे वाकवून आडवे सरकणे, आपला प्रतिस्पर्धी व रिंग यांच्यामध्ये उभे राहणे, सहकाऱ्यास हाक देऊन सावध करणे, यांस साधन लागत नाही, चिकाटी लागते. सरावाचा निम्मा वेळ यास द्यावा. गुणांच्या नोंदवहीत हिसकावलेले चेंडू व रिबाउंड यांचेही रकाने आखावेत. ही नोंद नसल्यामुळेच मुकाट्याने बचाव करणारा मुलगा वा मुलगी निवडीच्या वेळी वगळली जाते आणि पुढे खेळापासूनच दुरावते.

ग्रामस्थांनीही बास्केट झाल्यावर टाळ्या अवश्य वाजवाव्यात; पण समोरच्या संघाचे बास्केट रोखले गेले, तेव्हाही तेवढ्याच जोराने वाजवाव्यात. संघ कसा घडावा, हे मुले प्रेक्षकांच्या टाळ्यांवरूनही शिकत असतात.