पहिली रायफल घेताना

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



भाषणाचा विषय काय ठेवायचा असे चिटणीसबाईंनी विचारले, तेव्हा मी ‘रायफल’ म्हणाले आणि त्यांच्या हातातला चहा बशीत सांडला. हळदीकुंकवाच्या मंडळात बंदुकीचे काय काम, असे पुष्कळजणींच्या मनात आले असेल. पण आज आपल्या मुली एन.सी.सी.च्या शिबिराला जातात, तिथे नेमबाजी शिकतात, आणि घरी येऊन म्हणतात, ‘मला रायफल पाहिजे.’ त्या वेळी आईला, आजीला चार गोष्टी ठाऊक असाव्यात. मला नव्हत्या. त्याची किंमत मी मोजली आहे, म्हणून बोलते.

माझी नात शिबिरातून आली ती हाच हट्ट घेऊन. तिचे वडील म्हणाले, ‘हा खर्च लग्नाच्या पैशातून करायचा का?’ मी म्हणाले, ‘तुझ्या पैशाला हात लावत नाही,’ आणि माझ्या दोन पाटल्या मोडल्या. एका मोठ्या शहरातल्या दुकानात गेलो. दुकानदाराने दुर्बीण लावलेली, दिसायला रुबाबदार अशी रायफल दिली. पोर हरखली. नेमबाजीच्या वर्गात ती पेटी उघडली, तेव्हा तिथल्या शिक्षकांनी शांतपणे सांगितले, ‘आजी, या खेळात दुर्बीण चालत नाही. आणि ही स्प्रिंगची बंदूक नेम धरायला शिकवण्याऐवजी आधी झटका सोसायला शिकवील.’ येताना एस.टी.त नात खिडकीकडे तोंड करून बसली होती. ती रडत होती हे मला कळत होते, आणि चूक तिची नव्हती, माझी होती.

त्यानंतर मी विचारून विचारून जे शिकले ते असे.

मुली ज्या खेळाने सुरुवात करतात तो दहा मीटर एअर रायफलचा. दहा मीटर म्हणजे सुमारे तेहेतीस फूट. छर्रा ४.५ मिलिमीटरचा. लक्ष्याचा सगळा चकदा ४५.५ मिलिमीटर व्यासाचा, आणि मधला दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे खसखशीच्या दाण्याएवढा. उभे राहून, कशाचाही टेकू न घेता साठ वेळा त्या दाण्यावर नेम धरायचा. पूर्वी मुलींना चाळीसच वेळा मारायचे असे. २०१८ सालापासून मुलामुलींना सारखेच साठ झाले. आपण बायका मूल कडेवर घेतो तेव्हा कंबर जराशी बाहेर काढून भार हाडावर घेतो ना? उभे राहण्याची रीत थेट तीच. डावा कोपर कमरेच्या हाडावर टेकायचा आणि रायफल हाडांनी तोलायची, दंडाच्या जोराने नव्हे. ज्या घरात घागर कमरेवर आली आहे तिथल्या पोरींना हे सांगावे लागत नाही.

आता खरेदी. पहिली गोष्ट, पहिले सहा महिने काहीच घेऊ नये. वर्गातली जुनी रायफल वापरावी. मुलीची आवड टिकते का, तिचा हात कसा बसतो, हे तोवर कळते. मी याच्या उलट केले.

दुसरी गोष्ट, ती बेतशीर बसली पाहिजे. झंपर जसा मापाचा, तशी रायफल मापाची. दस्ता मागेपुढे सरकावा, गालाची पट्टी वरखाली व्हावी, म्हणजे मान न वाकवता डोळा आपोआप नेमाच्या रेषेत येतो. मान वाकवावी लागली की मुलगी दमते, आणि दमलेली मुलगी स्वतःलाच दोष देते. वजनाची मर्यादा साडेपाच किलो आहे, पण किरकोळ अंगाच्या मुलीला हलकीच घ्यावी. वजनाचे तुकडे मागाहून लावता येतात, काढायला मात्र काही नसते.

तिसरी गोष्ट, आतली कळ. नळी मोडून भरायच्या स्प्रिंगच्या बंदुकीत छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच बंदूक हलते. स्पर्धेच्या रायफलीत नळीखाली दाबलेल्या हवेची टाकी असते. ती जवळजवळ हलतच नाही, त्यामुळे चूक झाली तर ती मुलीची, आणि म्हणून सुधारता येते. या टाकीत मोटारीच्या चाकाच्या कितीतरी पट दाब असतो. तेव्हा जुनी रायफल घेताना रंगरूप पाहू नये, टाकीवरची तारीख पाहावी. पुष्कळ टाक्यांची मुदत दहा वर्षांची असते. मुदत संपलेली टाकी स्वस्तात मिळाली तरी ती महागच.

चौथी गोष्ट, नेमाचे साधन. दुर्बीण नाही, मागे बारीक छिद्राची चकती आणि पुढे कडे. छिद्रातून कडे, कड्यातून काळा ठिपका, सगळे एकात एक गोल दिसले पाहिजे. चापही मुलीच्या बोटाला जुळवून घेता यावा.

परदेशी बनावटीच्या चांगल्या रायफलीला दीड-दोन लाखांच्या पुढे पडतात. आपल्या देशातही आता हवेच्या टाकीच्या रायफली बनतात, आणि शिकणाऱ्या मुलीला त्या पुरतात. घेतलेली रायफल सुधारायची कशी, यालाही क्रम आहे. आधी छर्रे. सपाट तोंडाचेच घ्यावेत, ४.४९, ४.५०, ४.५१ अशी त्यांची मापे असतात आणि प्रत्येक नळीला वेगळे मानवते. चार मापांचे थोडे थोडे मारून कोणते एकाच भोकात जातात ते पाहावे. या एका उपायाने जे साधते ते पुष्कळदा हजारो रुपयांच्या सुट्या भागांनी साधत नाही. मग दस्ता जुळवणे. मग जाड कॅनव्हासचे जाकीट आणि सपाट तळाचे बूट, कारण पाठीचा कणा सांभाळायचा आहे. नवी रायफल सगळ्यांच्या शेवटी.

आपल्या मेढ्याच्या पावसाविषयी सांगायला हवे. चार महिने पापड मऊ पडतात तिथे पोलाद कसे टिकेल? ओली रायफल पेटीतल्या स्पंजवर कधी ठेवू नये. स्पंज ओल धरतो आणि एका रात्रीत तांबेरा चढतो. कोरड्या फडक्याने पुसून बाहेरून तेलाचा हात फिरवावा.

आणि सुरक्षितता. बंदूक काय करते हे जावळी तालुक्याला शिकवायला नको. २००८ साली केडंब्याच्या तुकाराम ओंबळ्यांनी ते आपल्या छातीवर झेलले. खेळाची असली तरी रायफल कुलपात ठेवावी, छर्रे वेगळ्या कुलपात. नळीत रंगीत दोरी घालून ती रिकामी असल्याचे दाखवावे. तोंड कोणाकडे, गंमतीनेसुद्धा, करू नये. छऱ्याने डोळा जातो. छर्रा शिशाचा असतो, म्हणून हात धुतल्याशिवाय खाऊ देऊ नये. पाखरांवर तर नाहीच. ते पापही आहे आणि १९७२ च्या कायद्याने गुन्हाही. एवढ्या कमी ताकदीच्या ४.५ मिलिमीटरच्या एअर रायफलीला साधारणपणे परवाना लागत नाही, तरी पोलीस ठाण्यात विचारून घ्यावे आणि पावती जपावी. पॉइंट टू-टूच्या रायफलीला मात्र परवाना हवाच.

मुलींना हे जमेल का, असे कोणी म्हणेल. मुंबईच्या अंजली भागवत एन.सी.सी.तूनच या खेळात आल्या आणि २००० साली सिडनीच्या ऑलिंपिकात अंतिम फेरीला पोहोचल्या. सुमा शिरूर यांनी २००४ साली आशियाई स्पर्धेत चारशेपैकी चारशे गुण केले. शेजारच्या कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला पन्नास मीटरच्या प्रकारात सहाशेपैकी ५९७ गुण करून जगज्जेती झाली. आणि २०२४ साली पॅरिसला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने रायफलमध्ये कांस्यपदक आणले. खेड्यातलाच हा पोरगा.

त्याच्याही आधी, १९५२ साली, कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हेलसिंकीला गेले ते लोकांनी जमवलेल्या पैशावर. कुस्तीत कांस्यपदक घेऊन आले, आणि स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले. त्या पदकात कोणाकोणाचे चार आणे होते, ते आज कोणाला ठाऊक नाही; पण होते.

म्हणून माझी एक विनंती आहे. दर वर्षी वर्धापनदिनाला आपण सभासदांना स्टीलचे भांडे वाटतो. माझ्या फडताळात अशी बरीच झाली आहेत, तुमच्याही असतील. दोन वर्षे भांडी थांबवावीत आणि त्या रकमेत वर्गणीची भर घालून मंडळाच्या नावे एक रायफल घ्यावी, मापे बदलता येतील अशी. चार मुलींत एक रायफल चालते. एका वहीत प्रत्येकीच्या नावासमोर तिचे आकडे लिहायचे: दस्ता इतका, गालपट्टी इतकी. पाळी आली की आकड्याप्रमाणे जुळवायचे. ती वही मी सांभाळीन. मात्र सराव शिक्षकाच्या देखरेखीखाली, नेमबाजीच्या जागेवरच.

माझ्या नातीचे विचाराल, तर ती आठ महिने वर्गातल्या जुन्या रायफलीवर शिकली. नंतर तिच्या वडिलांनीच टाकीवरची तारीख दोनदा वाचून एक जुनी रायफल घेतली, पावती मला दाखवली, आणि लग्नाच्या पैशाविषयी पुन्हा बोलले नाहीत. मोठे पदक अजून नाही. पण साठ वेळा नेम धरून झाल्यावर ती रायफल खाली ठेवते, तेव्हा तिचा श्वास संथ असतो. पाटल्या मोडल्याचे मला दुःख नाही. घाईने मोडल्याचे आहे. तुमच्यापैकी कोणाला ते होऊ नये, एवढ्यासाठी इतका वेळ घेतला.