इंजिन बंद पडल्यावर



पत्रिकेत विषय छापलाय ‘इंजिन बंद पडल्यावर’. माझं भांडण इथूनच सुरू होतं. छोट्या विमानाचं इंजिन सहसा आपण होऊन बंद पडत नाही, आपण ते पाडतो. पेट्रोल संपलं, कॉक रिकाम्या टाकीवर राहिला, टाकीत पाणी उतरलं, हे सगळं तुम्ही पेपरात वाचता. मी बर्फावर बोलणार आहे. (हशा) हसा. उन्हाळी व्याख्यानमालेत बर्फ म्हटल्यावर गोळाच आठवणार.

कार्बुरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा वेगानं जाते, दाब उतरतो, पेट्रोलची वाफ होते. माठातलं पाणी ज्या न्यायानं गार होतं, त्याच न्यायानं तिथलं तापमान २०-३० अंशांनी खाली येतं. बाहेर २५ अंश, हवा दमट, आकाश स्वच्छ, आणि आत त्या गळ्यात बर्फ धरतोय! उतरण्यासाठी थ्रॉटल मागे घेतलेला असतो तेव्हा तर जास्तच. आरपीएम हळूच घसरतात. वैमानिक थ्रॉटल जरासा पुढे सरकवतो आणि दुखणं झाकतो.

उपाय म्हणजे एक मूठ, कार्ब हीट. ओढली की एक्झॉस्टभोवती तापलेली हवा आत येते. पण बर्फ वितळून पाणी इंजिनात जातं, त्यामुळे आधी खोकला वाढतो. ऑगस्टातल्या एका सकाळी माझा विद्यार्थी ओरडला, “सर, हे ओढल्यावर बिघडतंय!” आणि त्यानं मूठ परत ढकलली. मी ती पुन्हा ओढली आणि त्याचा हात धरून बसलो. वीसेक सेकंद असतील. तेवढ्यात मला विम्याचे सगळे हप्ते आठवले. (हशा) मग इंजिन गुरगुरलं आणि सुरळीत झालं. खाली मेकॅनिकनं काउलिंग उघडलं, तर सगळं ठणठणीत. पुरावाच वितळलेला! म्हातारा घाबरला, असं त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलं होतं.

काय म्हणालात? हॉलिवूडचा नट हॅरिसन फोर्ड? हो, मार्च २०१५, सांता मोनिका. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं रायन विमान, उड्डाणानंतर थोड्याच वेळात इंजिन गेलं. धावपट्टी गाठता येईना, म्हणून गोल्फच्या मैदानावर उतरला. जबर जखमी झाला, पण वाचला. त्यात बर्फ नव्हता, कबूल. पेट्रोल मोजून सोडणारा जेट आटे फिरून सैल झाला होता. पण कुठला जेट? कार्बुरेटरचाच ना! अर्धे गुण तरी द्या. (हशा, टाळ्या) आणि तो जेट कधीतरी कुणा माणसानंच बसवला होता.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, तीन मिनिटं. भरपूर झाली. सेसना १७२ दोन हजार फुटांवर असताना इंजिन गेलं, तर साधारण तेवढीच मिळतात. विमान दगडासारखं पडत नाही, तरंगत उतरतं. नाक खाली, वेग ६५ नॉट, वारा समोरून. उसाला भुलू नका, वरून तो गालिचा दिसतो. तारा दिसत नाहीत, खांब शोधा. नांगरट असेल तर सरीला धरून उतरा, आडवं नको. नुकतंच उड्डाण केलं असेल तर मागे वळू नका, समोरच जागा बघा, कारण वळणात उंची…

घंटा? अहो, अजून शेतात उतरलो नाही मी! (हशा) एकच सांगतो. शेत शोधतानाही कार्ब हीट ओढा, आणि लगेच ओढा. इंजिन थांबलं की एक्झॉस्ट निवायला लागतो. तो निवला की ती नुसती मूठ.