खेळातला शेखर

२०११च्या दिवाळीत ‘रा.वन’ आला. आमच्या अमरावती-अकोल्याची पोरं शाहरुखच्या निळ्या पोशाखावर फिदा होती. मला भावला तो शेखर. पोराला खलनायकच आवडतो, म्हणून हा भाबडा बाप नायकाहून बलवान खलनायक व्हिडिओ गेममध्ये घडवतो आणि तोच बाहेर येऊन त्याचा जीव घेतो. सिनेमाच मुळी गेमची गोष्ट! मग मुंबईच्या ट्राइन गेम्सनं प्लेस्टेशनसाठी केलेला गेम फक्कड निघायला हवा होता. अकोल्याला भाच्याकडं पाहिला. ठोसा, लाथ, पुन्हा ठोसा. पोराचं मन जिंकायला धडपडणारा शेखर काही मला त्यात भेटला नाही. तिकडं अर्ध्या तासातच भाचा पतंग घेऊन गच्चीवर पळाला.